साथीचा आराखडा कसा लिहावा: नव्या बाबूंसाठी

नगरपरिषदेत नुकतेच लागलात, अभिनंदन. पहिल्या पंधरवड्यातच मोठे साहेब तुमच्या टेबलावर एक जाड नस्ती टाकतील आणि म्हणतील, "आरोग्य आणीबाणीचा आराखडा कलेक्टर ऑफिसला पाठवायचाय. उद्या चारच्या आत." घाबरू नका. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत मी असे एकोणीस आराखडे लिहिले. गावाचे नाव सांगत नाही, पेन्शन चालू आहे. एकोणिसांपैकी अठरा ही पहिल्याचीच पिल्ले होती, आणि पहिला मी शेजारच्या तालुक्यातून मागवला होता.

पायरी पहिली: वर्ष बदला

जुनी फाइल उघडा आणि वर्ष बदला. संगणकावर हे एका फटक्यात होते, पण जरा जपून. एकदा घाईत मी सगळीकडे '18' च्या जागी '19' करून टाकले. तारखा तर बदलल्याच, पण ज्या ज्या मोबाइल नंबरात 18 होते तेही बदलले. आपत्कालीन संपर्काचे सात नंबर त्या वर्षी भलत्याच लोकांचे होते. आराखडा वर गेला, तपासला गेला, 'योग्य' असा शेरा घेऊन परत आला. वर्षभरात एकानेही तक्रार केली नाही. तक्रार करायची तर आधी नंबर लावावा लागतो.

संपर्क यादीत सर्वांत वर जिल्हाधिकारी, मग उतरत उतरत यावे. तळाशी 'सफाई कामगार: 42' एवढे पुरे. त्यांची नावे लिहायची पद्धत नाही. कुठल्या गल्लीत एकाच घरातली तीन माणसे सकाळपासून जुलाबाने बेजार आहेत हे त्या बेचाळिसांना सर्वांत आधी कळते, हा भाग वेगळा.

पायरी दुसरी: माणूस कोणाच्या हद्दीत पडला ते पाहा

कोणी आजारी पडला की काय झाले हे विचारू नये, कुठे झाले ते विचारावे. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांचे. यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे, म्हणजे मंत्रीही वेगळे. यवतमाळ शहरात नळाचे पाणी जीवन प्राधिकरणाचे आणि ते पाणी ज्या नालीत जाते ती नाली आपली. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणे तळाला गेली, शहराला पंधरा-पंधरा दिवस नळ नव्हते, तेव्हा नाल्याही कोरड्या होत्या. आमच्या खात्याला तेवढाच विसावा.

आणि हो, आपल्या 'आरोग्य विभागा'त डॉक्टर शोधत बसू नका. एका नव्या मुलाने पहिल्या दिवशी तिथे जाऊन घसा दाखवला होता. आरोग्य विभाग म्हणजे घंटागाड्या, नाल्या, मेलेली डुकरे, ब्लिचिंग पावडर आणि धूर मारायचे मशीन.

हे मशीन आराखड्यात ठळक अक्षरांत लिहा. संध्याकाळी ते घुर्रर्र करत गल्लीत शिरले की पोरे मागे धावतात, नगरसेवक पुढे चालतात, फोटो निघतो. डेंग्यूच्या डासाची अंडी घरातल्या रांजणात आणि कूलरच्या टाकीत असतात. तिथे धूर पोहोचत नाही, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळला तर अळ्या मरतात. पण रिकाम्या रांजणाचा फोटो कोणत्या पेपरात येतो?

पायरी तिसरी: कायदा

सुरुवातीला 1897 चा साथरोग कायदा टाका, वजन येते. मुंबईत 1896 मध्ये प्लेग फुटला म्हणून इंग्रजांनी तो घाईत केला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. त्यातले चौथे कलम असे की, या कायद्याखाली सद्भावनेने काम करणाऱ्यावर दावा चालणार नाही. चारातले एक पूर्ण कलम साहेबांच्या बचावाला! 1897 च्याच जूनमध्ये पुण्यात प्लेग कमिशनर रँडवर चाफेकरांनी गोळी झाडली, तिथे ते कलम उपयोगी पडले नाही. 2020 च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने कोरोनासाठी हाच कायदा बाहेर काढला.

त्याखाली 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा लिहा. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. आपल्यासाठी कलम 41: माणसे प्रशिक्षित असावीत आणि साधने हाताशी तयार असावीत. पहिल्या अर्ध्यासाठी चहा-समोसा आणि हजेरीपट. दुसऱ्या अर्ध्याकडे वळू.

पायरी चौथी: साधनसामग्री

इथे सावकाश वाचा. तक्ता आखा: अनुक्रमांक, साधनाचे नाव, संख्या, शेरा. मास्क, हातमोजे, सॅनिटायझर, फवारणी पंप, सोडियम हायपोक्लोराइट, टीसीएल पावडर. 'ही वस्तू चुकीच्या पोटात गेली तर' असा रकाना ठेवायची रीत नाही. मीही कधी ठेवला नाही. पण आपल्या जिल्ह्याचा अलीकडचा इतिहास काढला तर यवतमाळचे नाव देशभर झाले ते तीन वेळा बाटलीमुळे.

पहिली वेळ 2017 च्या खरिपाची. त्या साली कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. फवारणारा मजूर पंपाची नळी वर धरून मारायचा आणि मारलेले त्याच्याच तोंडावर, छातीवर परत यायचे. दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारली जात. कशात काय कालवू नये हे विचारायचे तर समोर फक्त दुकानदार. पावसाळाभर माणसे वैद्यकीय महाविद्यालयात येत राहिली. कोणाला दिसेनासे झालेले, कोणी उलट्यांनी गळालेले. ऑक्टोबरात मुंबई-दिल्लीच्या पेपरांना कळले, तोवर जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले होते आणि शेकडो दाखल झाले होते. मग अमरावतीच्या विभागीय आयुक्तांखाली विशेष तपास पथक बसले.

आराखड्याच्या दृष्टीने हे प्रकरण फार गैरसोयीचे. जंतू नाही, म्हणून साथीच्या रकान्यात बसेना. कृषी विभागाचे म्हणावे तर माणूस खाटेवर. आरोग्याचे म्हणावे तर विष शेतातले. पुढच्या वर्षी मी 'सुरक्षा किट' असा नवा रकाना टाकला. भादव्याच्या उकाड्यात प्लास्टिकचा झगा आणि चष्मा घालून एक एकर फवारून पाहा, म्हणजे किट घरच्या खुंटीवर का टांगलेले असते ते कळेल.

इथे एक भाषेची सूचना. आराखड्यात 'औषध' हा शब्द जपून वापरा. आपल्याकडे दवाखान्यातले ते औषध, कपाशीवर मारायचे तेही औषध, आणि 'त्यानं औषध घेतलं' असे कोणी हळू आवाजात म्हणाले की पुढचे विचारायचे नसते. बाहेरून बदलून आलेले एक वैद्यकीय अधिकारी एकदा म्हातारीला विचारत होते, "आजी, मुलाने औषध कधी घेतले?" ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "सकायी, साहेब." साहेबांनी पुढे विचारले, "जेवणाआधी की जेवणानंतर?"

दुसरी वेळ 31 जानेवारी 2021. तो पोलिओ रविवार खरे तर 17 तारखेला व्हायचा होता, पण 16 ला कोरोनाची लस सुरू झाली म्हणून दोन आठवडे पुढे गेला. घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी गावात, भांबोरा आरोग्य केंद्राच्या हद्दीत, पाच वर्षांखालच्या 12 मुलांच्या तोंडात पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर गेले. मुलांना यवतमाळला हलवले. ती सुखरूप राहिली. कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, तपास झाला. त्या वेळच्या बातम्यांनुसार चूक ध्यानात आली ती सरपंचांच्या. सरपंच कुठल्याच आराखड्यात बाटली तपासणारे म्हणून नेमलेले नसतात.

आता टेबलावर सॅनिटायझर आले कुठून? आराखड्यातून. कोरोनाच्या सूचनेत लिहिले होते, प्रत्येक बूथवर सॅनिटायझर ठेवावे. ते ठेवले. एका आणीबाणीचे साधन दुसऱ्या मोहिमेच्या टेबलावर जाऊन बसले, अगदी नियमाप्रमाणे.

तिसरी वेळ त्याच वर्षी एप्रिलमध्ये, वणीला. टाळेबंदीत दारूची दुकाने बंद होती, सॅनिटायझर मात्र मेडिकलमध्ये मिळत होते, कारण मेडिकल अत्यावश्यक यादीत. ते पिऊन दिवसभराच्या अंतरात सात माणसे गेली. वर्धा नदीपलीकडच्या चंद्रपुरात 2015 पासून दारूबंदी होती आणि वणीला तिचा चांगला व्यापार. दुकान बंद केले म्हणजे पिणे बंद होत नाही, हे वणीत शेंबड्या पोराला ठाऊक होते. टाळेबंदीच्या आदेशात पिणाऱ्यासाठी मात्र एक ओळ नव्हती: डॉक्टरचा पत्ता नाही, हात थरथरू लागले तर कुठे जावे ते नाही. मी लिहिलेल्या आराखड्यातही नव्हती. 'व्यसनी' हा रकाना समाजकल्याणचा.

पोटपायरी: चित्रे वाचायला शिका

ही पायरी कोणत्याही शासन निर्णयात नाही, मी माझ्या पदरची घालतो आहे. कीटकनाशकाच्या डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. आमच्या गावात दहा जणांना विचारले तर आठ म्हणाले, हिरवा म्हणजे पिकाले चांगलं. बाकीच्या दोघांनी तो चौकोन पाहिलाच नव्हता. डब्यासोबत घडी घातलेला कागद येतो, त्यात सगळ्या भाषा असतात आणि अक्षरे मुंगीएवढी.

पोलिओच्या कुपीवरही चित्र असते: एक वर्तुळ आणि त्याच्या आत चौकोन. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तर थेंब द्यावेत. उष्णतेने तो गडद होत जातो आणि वर्तुळाच्या रंगाला भिडला की कुपी बाजूला ठेवायची. नखाएवढ्या जागेत किती विचार केला आहे पाहा. ज्या आशाताई हे रोज बघतात त्यांना हे तोंडपाठ असते. त्यांच्या मानधनाचा रकाना भरताना मात्र तीन महिन्यांची थकबाकी लिहायची जागा पुरत नाही.

सॅनिटायझरच्या बाटलीवर असे चित्र नसते. बारीक अक्षरांत 'फक्त बाह्य वापरासाठी' एवढेच. आणि ती बाटली मोठ्या कॅनमधून भरून घेतलेली असेल तर तेही नाही.

पायरी पाचवी: जनजागृती आणि रंगीत तालीम

घंटागाडीवर भोंगा लावा, म्हणजे जनजागृती झाली. गाडीवरचे गाणे आणि सूचना एकाच वेळी वाजल्या तरी चालते, लोक दोन्ही ऐकत नाहीत. रंगीत तालीम फेब्रुवारीत घ्या, मार्चएंडला बिल निघते. आमच्या तालमीत एका शिपायाला रुग्ण केला होता. स्ट्रेचर येईपर्यंत तो कंटाळून पानठेल्यावर गेला, आणि अहवालात आम्ही 'रुग्ण प्रतिसाद देत होता' असे लिहिले.

शेवटची पायरी: साठा पडताळणी

आराखडा पाठवायच्या आदल्या दिवशी स्टोअरमध्ये एकदा तरी जाऊन या. मी पहिल्यांदा गेलो तो अठराव्या आराखड्याच्या वेळी. फळीवर बिसलेरीच्या लिटरच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या, सगळ्या भरलेल्या. काहींत पाण्यासारखे काही, काहींत पिवळसर, दोनांत दूधट. एकीवरही चिठ्ठी नव्हती. बाजूला पाण्याचा माठ आणि त्यावर उपडा स्टीलचा गिलास. आमचे स्टोअरकीपर खुर्चीत बसून गोषवारा भरत होते.

"काका, यातलं फिनाइल कोणतं अन् हायपो कोणतं?"

त्यांनी मान वर केली नाही. "हे फिनाइल, हे हायपो, अन् तिकडचं कोरोनातलं सॅनिटायझर. दोन दूधट आहेत ते काय हाये ते मले माहीत हाये."

"मग चिठ्ठ्या लावून घ्या ना."

"कशाले?" काका म्हणाले. "मी हावो ना इथं."

मी आराखड्यात 'साठा सुस्थितीत' असे लिहिले आणि सही घेतली. काका मेअखेरीस निवृत्त झाले.