कवच आणि कात

मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रात निवडलेल्या ‘मालदांडी 35-1’ या वाणाने ज्यांचे भले केले त्या रब्बी ज्वारीच्या भोक्त्यांत खोडकिडाही मोडतो. त्याला बाह्यकंकाल, म्हणजे शरीराबाहेरचे कायटिनयुक्त आवरण असते. ते शरीराबरोबर वाढत नसल्यामुळे अळीला वेळोवेळी कात टाकावी लागते आणि नवे आवरण बळकट होईपर्यंत ती मऊ व असुरक्षित राहते. निवडणुकीच्या तोंडावर मऊ पडून निकालानंतर पुन्हा टणक होणारा लोकप्रतिनिधी म्हणूनच अळी-अवस्थेत गणावा लागतो. फरक एवढाच की, अळी प्रत्येक कातीगणिक खरोखर वाढते, आणि प्रौढ होऊन पतंग झाल्यावर ज्वारी खाणे सोडते.