डबा कुठं ठेवायचा?

धाराशिव जिल्ह्यात एखादी वस्तू लपवून ठेवता येत नाही, हे माझ्या भाच्याला माहीत नाही. तो पुण्यात वाढला. आमच्याकडं माणूस नवी मोटारसायकल घेऊन घरी पोचायच्या आत तिचा हप्ता किती हे गल्लीला पाठ झालेलं असतं. दवाखान्यातनं परत आलेल्याला रिपोर्टात काय निघालं ते शेजारी सांगतात. अशा मुलखात हा पोरगा डबे लपवायला निघालाय. तेही गाडी करून, बालाघाटाच्या डोंगरातनं, निसर्ग बघत बघत, सहकुटुंब. त्याचं नियोजन सध्या आमच्या ओसरीत चालू आहे आणि ते संपायची चिन्हं नाहीत.

खेळाचं नाव जिओकॅशिंग. एकानं कुठं तरी डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जगाला कळवायचे आणि जगानं मोबाइल घेऊन तो हुडकायचा. सापडला की आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा ठेवायचा आणि घरी यायचं.

“आणि बक्षीस?” बायकोनं विचारलं.

“बक्षीस नसतं मामी.”

“मग डब्यात असतं काय?”

“वही.”

“वहीत?”

“आधी येऊन गेलेल्यांची नावं.”

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. लग्नातल्या आहेराच्या वहीत नावापुढं निदान आकडा तरी असतो, असं ती बोलली नाही, पण दिसलं.

भाच्यानं मग इतिहास काढला. अमेरिकेचं सरकार साध्या माणसांना मिळणाऱ्या जीपीएसमध्ये मुद्दाम गोंधळ घालून ठेवायचं. ठिकाण शंभरेक मीटर इकडंतिकडं दाखवायचं. मे २०००च्या सुरुवातीला बिल क्लिंटन यांच्या हुकमानं तो गोंधळ बंद झाला आणि लगोलग, ३ मेला, ऑरेगन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी रानात एक बादली अर्धवट पुरली. आत वही-पेन्सिल, पुस्तकं, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा डबा. ठिकाणाचे आकडे त्यांनी इंटरनेटवर टाकले.

“सापडली का बादली?” आईनं विचारलं.

“तीन दिवसांत दोघांना सापडली आजी.”

“मग पुरली कशाला?”

या प्रश्नाचं उत्तर पंचवीस वर्षांत कुणी दिलेलं नाही, तरीही आज जगभर असे तीस लाखांवर डबे लपवलेले आहेत. पुढं मात्र खेळाचे नियम झाले आणि त्यातला एक नियम असा, की डबा पुरायचा नाही. म्हणजे मूळ पुरुषाची बादली आज नियमात बसत नाही. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर पाहिजे. आत खायचं काही ठेवायचं नाही, कारण जनावरं फोडतात. जमीन ज्याची त्याची परवानगी पाहिजे. आतली एखादी वस्तू उचललीत, तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची वस्तू ठेवायची. आणि डबा लपवणाऱ्यानं त्याची देखभाल करायची. सुट्टीला येऊन डबा टाकून पळून जायचं नाही. हा शेवटचा नियम वाचून भाचा माझ्याकडं बघून हसला. मी जिल्ह्यातल्या सर्व डब्यांचा बिनपगारी रखवालदार झालो होतो.

खेळ ज्यांना माहीत नाही अशांना हे खेळाडू हॅरी पॉटरच्या पुस्तकांतला शब्द उचलून ‘मगल’ म्हणतात. मगलांच्या नजरेला न पडता डबा काढायचा आणि परत ठेवायचा, यात खरं कसब.

“मामा, आपल्याकडं मगल साधारण किती असतील?”

२०११च्या जनगणनेप्रमाणं साडेसोळा लाखांवर. त्यातले बरेचसे रस्त्याकडं तोंड करून बसलेले असतात.

त्याला पटेना म्हणून आम्ही हातलाईच्या डोंगराकडं रंगीत तालीम घेतली. आजूबाजूला चिटपाखरू नाही, हे दोनदा बघून भाच्यानं एका खडकाच्या कपारीत डबा सरकवला, वर चपटा दगड लावला, मोबाइलवर आकडे घेतले. आम्ही गाडीपाशी पोचतोय तोवर मागनं हाक आली. काळ्याभोर उस्मानाबादी शेळ्यांचा कळप, त्यामागं एक म्हातारा आणि त्याच्या हातात डबा.

“सायब, डबा इसरलाव की.”

भाच्याला वाईट वाटण्याऐवजी आनंद झाला. त्याच्या हिशोबानं डबा पहिल्यांदा शोधणारा भेटला होता आणि पहिल्या शोधणाऱ्याला या खेळात मोठा मान. त्यानं वही पुढं केली. “आजोबा, इथं फक्त सही करा.”

म्हातारा दोन पावलं मागं सरकला. “कशाची सही? कर्जाची हाय का?”

“नाही हो, तुम्हाला डबा सापडला म्हणून.”

“मला कुठं सापडला? तुमीच ठिवलाव. मी तर वरनं बघायलो की मघाधरनं.” आणि शेळ्यांना हाळी देऊन तो निघून गेला. कोऱ्या कागदावर सही करून कुणाचं भलं झालं नाही, एवढं ज्ञान जिल्ह्यात सार्वत्रिक आहे.

परवानगीचं प्रकरण याहून अवघड. भाच्याला वाटतं, जमिनीला मालक असतो. जमिनीला सातबारा असतो. त्यावर वारलेल्या आजोबांचं नाव, तीन चुलते, दोन आत्या, बँकेचा बोजा आणि कडेला कोर्टातल्या दाव्याची नोंद. वीतभर डब्यासाठी यातल्या कुणाला विचारायचं आणि एकाला विचारलं तर दुसऱ्याच्या मनात काय काय येईल! त्यातनं मोबाइल छातीसमोर धरून बांधावर दोन पावलं पुढं, एक पाऊल मागं करणारा माणूस आमच्याकडं एकाच कामाचा समजतात. “शक्तिपीठ महामार्गाची मोजणी हाय का?” असं पहिला विचारतो, आणि तुम्ही ‘नाही’ म्हणालात की पाच जण जमतात, कारण मोजणीवाला कधी ‘हो’ म्हणत नाही. तशी जीपीएसची नवलाई शेतकऱ्याला राहिलेली नाही. ई-पीक पाहणीसाठी तो स्वतःच रानात उभा राहून, हात वर करून, सोयाबीनचा फोटो कुठल्या गटात पडतोय ते बघत असतो. आपल्याच रानात आपण उभे आहोत हे मोबाइलला पटवायचं, हा खेळ पुण्याच्या खेळापेक्षा कठीण आहे.

आता मार्ग. भाच्यानं नकाशावर एक सुबक गोल काढला होता: धाराशिव, तेर, येडशी, येरमाळा, कुंथलगिरी, भूम, परंडा, मग खाली येऊन नळदुर्ग, तुळजापूर आणि घर. आईनं गोलाकडं बघून सांगितलं, “आधी तुळजापूर.” तुळजापूर वीस-बावीस किलोमीटर, तेही उलट्या दिशेला. पण देवीच्या आधी डबा, हे आमच्या घरात होणार नाही. शिवाय मंदिरात चिंतामणी आहे. हा गोल दगड. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडं वळला तर होकार, डावीकडं वळला तर नकार, हललाच नाही तर उशीर आहे. उजवीकडं वळा, डावीकडं वळा सांगणारं यंत्र पायापाशी असताना पोरगं अमेरिकेच्या उपग्रहाला का विचारतंय, हे आईला उमगत नाही.

महिना कोणता यावरही दोन दिवस खल झाला. भाच्याला धबधबे हवेत. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून १६१३ साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, बंधारा घातलाय आणि त्याच्या पोटात पाणीमहाल काढलाय. नदी भरून आली की नर आणि मादी हे दोन धबधबे वरनं कोसळतात आणि महालात बसलेला माणूस कोरडा. बघावं असंच आहे ते. फक्त नदी भरून येणं नियोजनात बसत नाही. आमच्याकडं एक तर टँकर, नाही तर २०२५च्या सप्टेंबरातल्यासारखा पूर, ज्यात परंडा-भूमकडं माणसं काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. मधला, सहलीच्या मापाचा पाऊस आम्हाला क्वचित मिळतो. बायकोचं मत हुरड्याच्या दिवसांत जावं. तेव्हा धबधबा नसतो, पण खायला असतं. मी बायकोच्या बाजूनं.

येडशीच्या रामलिंग अभयारण्यात भाच्याला ‘खडतर वाट’ या गटातला डबा ठेवायचाय. त्याची खडतरता तो एक ते पाच अंकांत मोजतो. या अभयारण्यात २०२४च्या डिसेंबरात एक वाघ आला. यवतमाळकडच्या टिपेश्वरहून, चारशेवर किलोमीटर चालत. ना अक्षांश, ना रेखांश, ना वाटेत चहा. त्याला धरायला पथकं आली, झाडांना कॅमेरे लागले आणि तो कॅमेऱ्यात दिसे, पण हाती लागेना. जिल्ह्यात यशस्वीपणे लपलेली ही एकमेव गोष्ट. हे ऐकवल्यावर भाच्यानं रामलिंगच्या डब्यापुढं पाचाचा आकडा घातला आणि डबा ठेवायचं काम माझ्या नावावर टाकलं.

तेरचं ऐकून मात्र त्याचा आवाज उतरला. गाव तेच, जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशाच्या वहीत त्याचा पत्ता आहे: पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट. एवढ्या पत्त्यावर इथलं कापड गाड्यांतनं भडोचला आणि तिथनं समुद्रापार जायचं. पांढरीच्या टेकाडांवर पाऊस पडला की मणी, नाणी, भाजक्या मातीच्या बाहुल्या आपसूक वर येतात. लोक चालता चालता उचलायचे. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर अशा वस्तू जमवल्या आणि आज त्यांच्या नावाच्या संग्रहालयात हजारोंनी मांडल्यात. त्यातली हस्तिदंती बाहुली तर इटलीत पॉम्पेईच्या राखेत सापडलेल्या बाईची बहीण शोभावी अशी आहे. “म्हणजे इथं डबा न लपवताच सापडतो,” भाचा म्हणाला. तो थोडा हिरमुसला होता. आणि जुन्या वास्तूंत, किल्ल्यांत डबा ठेवायचा नाही, हेही त्याच्याच नियमांत निघालं, त्यामुळं तेर, धाराशिवची लेणी, नळदुर्ग, परंडा एका फटक्यात डब्यांच्या यादीतनं गेले.

लेण्यांचं मला जास्त वाईट वाटलं, कारण या जिल्ह्यातली सगळ्यात जुनी शोधकथा तिथलीच. सुमारे हजार वर्षांपूर्वी कनकामर मुनींनी अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ लिहिलं. त्यात राजा करकंड तेरापुरास येतो, तेव्हा त्याला कळतं की डोंगरावर एक हत्ती रोज सोंडेत पाणी आणि कमळ घेऊन येतो आणि एका वारुळाची पूजा करतो. राजा वारूळ खणतो, आत पार्श्वनाथांची मूर्ती निघते. मोबाइल नाही, रेंज नाही; खूण सांगायला हत्ती. खणायला बंदी तेव्हा नव्हती.

परंड्याबद्दल मात्र मला या खेळाच्या मंडळाकडं, असलं तर, तक्रार करायची आहे. मुलूखमैदान ही ५५ टनांची तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली, मग ती परंड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ साली विजापूरकरांनी ती नेली. दहा हत्ती आणि चारशे बैल लागले म्हणतात. वस्तू उचललीत तर तेवढ्याच मोलाची ठेवा, हा नियम. विजापूरकरांनी परंड्यात काय ठेवलं? काही नाही. आज ती तोफ विजापूरच्या बुरुजावर आहे, लोक तिथं जाऊन फोटो काढतात आणि आमचा किल्ला चारशे वर्षं बदली वस्तूची वाट बघतोय.

येरमाळ्याचं सांगितल्यावर भाच्यानं वही मिटली. तिथं येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत पालखी निघते आणि लाखो माणसं रानात वाकून चुनखडीचे खडे वेचतात. म्हाताऱ्या, कडेवरची लेकरं, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, सगळी खाली बघत. प्रत्येकाला खडा सापडतो. खडा न सापडलेला माणूस मी अजून पाहिला नाही. तुमच्या खेळात एका डब्यामागं किती जण येतात, असं आईनं विचारलं. भाचा म्हणाला, चांगला डबा असेल तर वर्षाला पन्नास. आई काही बोलली नाही, पण तिनं चष्मा पुसला.

तर आता ठरलंय ते असं. गोल रद्द. आधी तुळजापूर, तिथनं नळदुर्ग, मुक्कामाला घरी. दुसऱ्या दिवशी तेर, येडशी, येरमाळा आणि जमलं तर कुंथलगिरीचे पेढे. परंडा पुढच्या खेपेला, कारण तिथं बायकोची मावसबहीण आहे आणि तिच्याकडं उभ्या उभ्या जाता येत नाही. डबा एकच. तो आमच्याच रानात, कारण जिल्ह्यात बिनतक्रारीचा सातबारा तेवढाच मिळाला. त्यावर एकटं आईचं नाव आहे. तिनं परवानगी दिली, पण अटीवर: येणाऱ्यानं तूर तुडवायची नाही, आणि शोधून झाल्यावर घरी चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.

तेव्हा तेर रस्त्याला विहिरीच्या वरच्या अंगाला, लिंबाच्या बुडाशी दगडाखाली स्टीलचा डबा दिसला तर घाबरू नका, पोलिसपाटलांना फोन करू नका आणि कृपा करून आमच्या घरी आणून देऊ नका. वहीत नाव लिहा आणि झाकण घट्ट लावून ठेवा. त्याच लिंबाच्या फांदीला फडक्यात बांधलेला दुसरा डबा असेल, त्याला हात लावू नका. त्यात सालगड्याच्या दशम्या आहेत.