मामांचा बंदोबस्त

आमच्या नानामामांचा लॅपटॉप चालू केला की विंडोज यायच्या आधीच काळ्या पडद्यावर पासवर्ड मागणारा चौकोन येतो. तो पासवर्ड मामांनीच घातला आणि मामाच विसरले. पण चेहऱ्यावर खंत शून्य. "मलाच उघडत नाही म्हटल्यावर चोराची काय टाप!" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. हयात बँकेत गेलेली. मात्र तिथे स्ट्राँगरूमची दुसरी किल्ली दुसऱ्या ऑफिसरकडे असते. इथे सगळा कारभार एकट्या मामांकडे.

"अहो, माझी जन्मतारीख घालून बघा," मामी लाजत म्हणाल्या. घातली. चुकली. "मग कुणाची घातलीत?" या प्रश्नानंतर स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच वाजू लागली. पुढे मुलाची तारीख झाली, कुलदैवत झालं, आणि तिसऱ्या चुकीनंतर 'सिस्टीम डिसेबल्ड' म्हणून मशीनने एक लांबलचक आकडा दाखवला. तो मामांनी डायरीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला. पासवर्ड लिहून ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. हा आकडा बसला.

मग शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा आला. "आतला सेल काढला की झालं!" डेस्कटॉपवर होतंही तसं. बटणाएवढा सीआर 2032 सेल थोडा वेळ काढून ठेवला की मदरबोर्ड बहुधा सगळं विसरतो. लॅपटॉपमध्ये मात्र हा पासवर्ड बहुतेकदा वीज नसतानाही पुसला न जाणाऱ्या चिपमध्ये असतो. पोराने सेल काढला, परत लावला, एक स्क्रू उरवला. मशीन तारीख-वेळ विसरलं, पासवर्ड तेवढा त्याच्या पक्का लक्षात. आता तारीख लावायची तरी आधी पासवर्ड हवा.

कॉम्प्युटरला पासवर्ड लावण्याची टूम 1960च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या यंत्रणेत निघाली. त्याच दशकात एकदा तिथल्या फायलींची अदलाबदल झाली आणि लॉग-इन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या निरोपाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. इतकी उत्तम सोय पुन्हा कुणी केली नाही.

शेवटी लॅमिंग्टन रोडवरचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. काउंटरवरच्या पोराने मशीन उलटंपालटं करून पाहिलं. "काका, डेटाच पाहिजे ना? डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावतो. डिस्कला वेगळा पासवर्ड नसेल, एन्क्रिप्शन नसेल, तर सगळं मिळेल."

मामांचा चेहरा पडला. "म्हणजे चोरालाही मिळेल?"

"मिळेल की."

"मग नको. ती चोराची वाट झाली. रीतसर काय ते सांग."

"रीतसर म्हणजे कंपनीकडे जा. मशीन तुमचंच आहे याचा पुरावा मागतील. बिल आहे?"

मामा ताठ झाले. "आहे म्हणजे काय! कागद हरवतात, म्हणून सगळी बिलं स्कॅन करून लॅपटॉपमध्ये ठेवलीत. मूळ कागद रद्दीत दिले."