गहू सोडलेला गृहस्थ

नंदुरबार, शहादा आणि तळोदा या तापी खोऱ्यातील गावांच्या सुखवस्तू वस्तीत गेल्या काही वर्षांत एक नवा गृहस्थ दिसू लागला असून, त्याची नोंद अद्याप कोणत्याही गॅझेटियरमध्ये झालेली नाही. धुळे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात ती असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार धुळ्यापासून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा हा गृहस्थ हयात असला, तरी तो गव्हापासून वेगळा झालेला नव्हता. वयाने तो पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असतो; व्यवसायाने मिरचीचा किंवा कापसाचा व्यापारी, केळीचा बागायतदार, पतपेढीचा संचालक अथवा निवृत्त मुख्याध्यापक असतो; आणि ज्या ठिकाणी पूर्वी लोक आपली पदवी सांगत त्या ठिकाणी तो ‘ग्लुटेन चालत नाही’ हे वाक्य ठेवतो. भोवतालचे लोक त्याला नाना, आबा किंवा आप्पा म्हणतात. येथे सोयीसाठी त्याला नाना म्हणावे.

ग्लुटेन म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांत आढळणारा प्रथिनांचा समूह होय. गव्हात तो ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या दोन गटांच्या प्रथिनांनी बनतो, आणि पीठ पाण्याने मळले की त्याच्याच बळावर कणीक ताण धरते, न फाटता लाटली जाते आणि पोळी फुगते. बोलोन्या येथील याकोपो बार्तोलोमेओ बेक्कारी या विद्वानाने १७२८ साली गव्हाचे पीठ पाण्याने धूत धूत त्यातील हा चिवट भाग वेगळा काढला आणि विज्ञानाच्या इतिहासात आपले नाव नोंदवले. खानदेशातील बायका दर उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू दिवसचे दिवस भिजवतात, वाटून त्याचा चीक पिळून घेतात आणि चोथा म्हशीपुढे टाकतात. म्हणजे तत्त्वतः तोच प्रयोग त्या उलट्या हेतूने करतात, परंतु त्यांचे नाव कोठेही नोंदले गेलेले नाही. (पिळलेल्या चिकातही ग्लुटेनचा अंश उरत असल्याने कुरडई या पथ्यात बसत नाही, ही बातमी नानांना सांगण्याचे धाडस घरात अजून कोणी केलेले नाही.)

वैद्यकशास्त्र गव्हाच्या त्रासाचे तीन प्रकार मानते. पहिला सीलिअॅक रोग, ज्यात ग्लुटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते, अन्न अंगी लागत नाही, मुलांची वाढ खुंटते, रक्त कमी होते, आणि यावर ग्लुटेनचा जन्मभर संपूर्ण त्याग एवढाच उपाय असतो. विलेम डिक या डच बालरोगतज्ज्ञाचा गव्हावरचा संशय १९४४-४५च्या हिवाळ्यातील दुष्काळात पक्का झाला, कारण पाव दुर्मीळ होताच त्याचे काही बालरोगी उपाशी देशातच सुधारू लागले. १९५० साली त्याने आपला प्रबंध सादर केला. दुसरा प्रकार गव्हाची अॅलर्जी. तिसऱ्या प्रकारात वरील दोन्ही नसतात, पण गहू खाल्ल्यावर पोट फुगते, डोके जड होते, अंगात मरगळ येते. त्याला सीलिअॅकविरहित ग्लुटेन-संवेदनशीलता म्हणतात, आणि त्याची अशी कोणतीही रक्तचाचणी नसल्याने पहिले दोन प्रकार नाहीत हे ठरल्यावरच तो मान्य करावा, असा दंडक आहे.

नानांनी हा दंडक उलट्या टोकाकडून पाळलेला असतो. सीलिअॅकची रक्तचाचणी गहू खाणे चालू असतानाच करावी लागते, कारण गहू थांबला की ज्या प्रतिपिंडांचा शोध घ्यायचा ते हळूहळू ओसरतात आणि अहवाल खोटा दिलासा देतो. परंतु नाना आधी गहू सोडतात, मग तीन महिन्यांनी पाहुण्यांच्या आग्रहावरून सुरतेला जाऊन तपासणी करतात, आणि अहवालात काही निघाले नाही म्हणजे पथ्य लागू पडले, असा निष्कर्ष काढतात. डॉक्टरांनी पुन्हा काही आठवडे गहू खाऊन या असे सांगितल्यास ते दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात. यात हसण्यासारखे पुष्कळ असले तरी याच गावात एखादे खरोखरीचे सीलिअॅकग्रस्त मूल असू शकते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीत उत्तर भारतात शंभर प्रौढांत सव्वा आणि दक्षिणेत हजारात एक असे या रोगाचे प्रमाण आढळले, आणि दोन्हीकडच्या ताटातील गव्हाच्या प्रमाणात जमीन-अस्मानाचा फरक होता. कुपोषणासाठी ज्या जिल्ह्याचे नाव घेतले जाते तेथे अन्नाअभावी वाळलेले मूल सर्वांना ओळखू येते. अन्न मिळत असूनही, किंबहुना त्या अन्नामुळेच, वाळलेले मूल सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि नानांनी ग्लुटेन हा शब्द इतका स्वस्त केलेला असतो की त्या मुलाच्या आईलाही लोक ‘हे श्रीमंतांचे आजार’ म्हणून वाटेला लावतात.

नानांचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या पोटात नसून त्यांच्या कुळाच्या इतिहासात आहे. दोन पिढ्यांपूर्वी त्यांच्या घरी रोजचे अन्न दादरची, म्हणजे तापीकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीला येणाऱ्या ज्वारीची, भाकरी हेच होते. हिवाळ्यात बाजरी, आणि ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या कळण्याची भाकरी वांग्याच्या भरिताबरोबर. गहू सणाला आणि जावयाला. १९७२च्या दुष्काळात रेशनवर आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीला नाके मुरडणाऱ्या या घराने बरे दिवस येताच ज्वारीची कणगी मागच्या पडवीत ढकलली आणि रोज पोळी सुरू केली, आणि आपण वर आलो याचा दाखला म्हणून ती तीस-चाळीस वर्षे आवडीने खाल्ली. आता नाना भाकरीकडे परतले आहेत, परंतु मागच्या पडवीतून परतणे त्यांना कमीपणाचे वाटत असल्यामुळे ते सुरतेच्या मॉलमधून परतले आहेत. ‘ग्लुटेनमुक्त ज्वारी आटा’ असे छापलेली चकचकीत पिशवी ते ज्या भावात आणतात, त्या भावात त्यांच्याच शेतातील दादर घ्यायला व्यापारी कधी तयार होत नाही, आणि या व्यवहारातील विसंगती त्यांना पिशवीवरील बारीक अक्षर वाचण्याच्या नादात दिसत नाही. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने किलोमागे तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया अशी पायरी लावून दिली होती. नानांच्या कोठीघरात ती पायरी नेमकी उलटी आहे.

सातपुड्यात चित्र आणखी निराळे दिसते. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत ज्वारी, मका आणि त्यांच्या जोडीला मोर, बर्टी, भगर ही बारीक दाण्याची धान्ये पिढ्यान्‌पिढ्या होत आली. हरणखुरीच्या परिसरात याहा मोगी माता बियाणे संवर्धन समितीने बाएफ संस्थेच्या साह्याने मका-ज्वारीची स्थानिक वाणे जपून ठेवली आहेत. त्याच डोंगरात रेशनचा गहू पोचला, आणि शाळेत डबा उघडताना भाकरी झाकून ठेवणारी आणि पोळी पुढे करणारी मुले तयार झाली. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले आणि केंद्रीय अर्थसंकल्पात त्यांना ‘श्री अन्न’ हे नाव मिळाले, तेव्हा तालुक्याच्या कार्यक्रमात नानांनी भगरीच्या गुणांवर तासभर भाषण केले. समोर बसलेल्या पावरा आदिवासी शेतकऱ्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, कारण चहा भाषणानंतर होता.

पिठाची गिरणी ही नानांची खरी रणभूमी होय. ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावे, असा नियम आहे; आणि गव्हाच्या दळणानंतर लगेच ज्वारी दळली तर दगडाला चिकटलेल्या पिठाने ही मर्यादा सहज ओलांडली जाते, हेही खरे. वास्तविक गिरणीवाल्याला हा विषय नवा नाही. ज्वारीमागून गहू दळला की पोळी तुटते, अशी बायकांची तक्रार तो वर्षानुवर्षे ऐकत आला असून, त्यासाठी गव्हाची चक्की त्याने वेगळीही ठेवली आहे. मात्र गव्हामुळे ज्वारी बिघडल्याची तक्रार घेऊन आलेला नाना हा त्याच्या आयुष्यातील पहिलाच माणूस. नाना सकाळी गिरणी उघडण्यापूर्वी डबा घेऊन उभे राहतात, आधी स्वखर्चाने दोन किलो तांदूळ दळायला लावून दगड धुऊन काढल्याचे समाधान मिळवतात, आणि ज्वारी दळून होईपर्यंत पट्ट्यावरून नजर हलवत नाहीत. ते तांदळाचे पीठ पुढे कोण खाते, हा प्रश्न सोडवण्यासाठी घरात आठवड्यातून दोनदा धिरडी होतात.

एवढी दक्षता घेऊन नाना घरी येतात आणि फोडणीत भरपूर हिंग घातलेले वरण ओरपतात. बाजारात मिळणारा बांधणीचा हिंग हा शुद्ध हिंगाचा उग्रपणा उतरवण्यासाठी डिंक आणि पीठ मिसळून केलेला असतो, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचेच असते. डबीवर तसे लिहिलेलेही असते, पण डबी स्वयंपाकघरात असते आणि नानांचे वाचन दिवाणखान्यात चालते. हीच गोष्ट खमण मऊ व्हावे म्हणून त्यात घातलेल्या रव्याची आणि जवापासून केलेल्या माल्टच्या पेयाची. रव्याबाबत तर नानांचे स्वतंत्र मत आहे, की रवा हा गहू नव्हे, रवा हा रवा होय.

खरा पेचप्रसंग मात्र ऑस्ट्रेलियाने आणला. मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली असे दाखवले, की स्वतःला ग्लुटेन-संवेदनशील म्हणवणाऱ्या लोकांच्या आहारातून आंबणाऱ्या शर्करांचा एक गट कमी केला असता त्यांना आराम पडला, आणि नंतर गुपचूप ग्लुटेन देऊनही बहुतेकांना वेगळा असा त्रास झाला नाही. पुढे नॉर्वेतील अभ्यासातही गव्हातील फ्रुक्टन नावाच्या शर्करासाखळीवरच बोट ठेवले गेले. आता हे फ्रुक्टन कांद्यात आणि लसणातही मुबलक असते. म्हणजे नानांचा त्रास ग्लुटेनचा नसून फ्रुक्टनचा असेल, तर त्यांनी पोळी नव्हे, कांदा-लसूण सोडणे प्राप्त होते, आणि खानदेशात कांदा-लसूण सोडणे म्हणजे शेवभाजी, भरीत, ठेचा आणि काळ्या मसाल्याची प्रत्येक आमटी सोडणे होय, म्हणजे जवळजवळ जिल्हा सोडणे होय. सुरतेच्या डॉक्टरांनी हा मुद्दा काढला तेव्हा विज्ञानावर अढळ श्रद्धा असलेल्या नानांनी पहिल्यांदाच विज्ञानाच्या मर्यादांवर भाष्य केले.

या सगळ्यात एकादशी त्यांना अनपेक्षितपणे धावून आली. उपवासाला चालणारे पदार्थ, म्हणजे भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, हे सर्व स्वभावतःच ग्लुटेनरहित असल्यामुळे प्रवासात नाना ‘उपवासाचे मिळेल’ अशी पाटी पाहूनच हॉटेलात शिरतात. महिन्यातून पंधरा दिवस उपवास करणारा भाविक म्हणून भुसावळ-सुरत मार्गावर त्यांची ख्याती झाली असून, ती त्यांनी खोडून काढलेली नाही.

पंगतीत मात्र ही युक्ती चालत नाही. खानदेशी लग्नात वरणबट्टी असते, आणि बट्टी म्हणजे गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे उकडून, चिरून, तुपात तळलेले. ती नाकारणे हे वाढणाऱ्याला आजाराचे नव्हे, रुसव्याचे लक्षण वाटते. ‘एक पोयी खाईसन काय व्हई, नाना?’ हा प्रश्न अहिराणीत उत्तराची अपेक्षा ठेवून विचारला जात नाही. नाना प्रतिपिंडांपासून सुरुवात करतात, आणि आतड्याच्या अस्तरापर्यंत पोचेस्तोवर वाढपी दोन बट्ट्या आणि त्यावर तूप ठेवून पुढच्या पानाकडे गेलेला असतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस समोर आला, की नाना बहुधा असे जाहीर करतात, की पुरण हरभऱ्याचे असल्याने ते चालते; आणि पुरणाभोवती जे काही पातळ वेष्टन असेल त्याचे प्रमाण एकूण वजनात नगण्य धरावे लागेल. दुसऱ्या दिवशी पोट फुगते, आणि त्याचा दोष आमरसाला जातो.

घरातील दोन वेळच्या दोन स्वयंपाकांचा भार अर्थातच नानींवर असतो. गरम पाण्याने पीठ मळून, हाताने थापून, काठ न फाटता भाकरी तव्यावर टाकण्याची विद्या त्यांना सासूने शिकवली होती आणि नानांनीच ती मध्यंतरी गावठी ठरवली होती. आता पाहुण्यांपुढे त्याच भाकरीचे गुण नाना सांगतात आणि नानी चुलीकडे तोंड करून थापत राहतात. त्यांनी या विषयावर एकच मत दिल्याचे सांगतात, की भाकर आमी बी खातूत, पन सांगत नई फिरतूत.

श्रावणातील कानबाईच्या उत्सवात मात्र नानांच्या पथ्याची भाऊबंदकीच्या नियमांशी गाठ पडते. कानबाईच्या रोटांसाठी घरातील पुरुषांच्या नावे सव्वा-सव्वा मूठ गहू मोजला जातो आणि त्या पिठाचे रोट भाऊबंदांनीच संपवायचे असतात, बाहेरच्याला द्यायचे नसतात. नानांनी प्रथम आपली मूठ ज्वारीची धरावी असे सुचवून पाहिले, तेव्हा थोरल्या भावाने फक्त वर पाहिले. मग नावाचा गहू मोजू नये असे सुचवले, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी जिवंत माणसाची मूठ गाळणे अभद्र असल्याचे सांगितले. तेव्हापासून मूठ मोजली जाते, रोट होतात, आणि नानांच्या वाट्याचे रोट कोणी खायचे यावर पुतण्यांत दर वर्षी भांडण होते, ज्यात सगळ्यांत धाकटा जिंकतो.