पैसे पोचले, माल कुठं हाय?

प्रति,
मा. ‘खरेदी करा’ बटणसाहेब,
मुक्काम मोबाइल, स्मार्ट टीव्ही आणि जिथं म्हणून बोट पोचेल तिथं.

विषय: केबल तोडून आपल्या दारी आलेल्या कोल्हापूरच्या ग्राहकास एक मराठी मालिका सुटी विकत मिळणेबाबत.

महोदय,

कारणे अर्ज करण्यात येतो की, सदर अर्जदार शिवाजी पेठेतला कायमचा रहिवासी असून थोरला मुलगा शाळेत जाऊ लागल्यापासून केबलचा इमानी ग्राहक होता. इमानी म्हणजे दर महिन्याला पैसे देताना केबलवाल्याशी न चुकता भांडणारा. ‘एवढी चॅनेलं देतोस, बघतो आम्ही चार. बाकीच्यांचे पैसे कशाला?’ हा त्याचा ठरलेला सवाल. ‘कंपनीचा पॅकच तसा हाय’ हा केबलवाल्याचा ठरलेला जबाब. गेल्या दिवाळीत अर्जदाराचा भाचा पुण्याहून आला आणि त्यानं हा जुना दावा एका वाक्यात निकाली काढला. ‘मामा, केबल कशाला ठेवतासा? जेवढं बघायचं तेवढंच ऑनलाइन विकत घ्या की!’

अर्जदाराला हे लगेच पटलं. कोल्हापुरात विकत घेणं म्हणजे काय, हे चप्पल लाईनला गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे. जोड पारखायचा, घासाघीस करायची, पैसे मोजायचे आणि करकर वाजवत बाहेर पडायचं. पुढं ती चप्पल देवळाबाहेरून चोरीला जावो नाहीतर जत्रेत तुटो, दुकानदाराचा तिच्यावर हक्क संपलेला असतो. ‘आमचा आणि चामडेवाल्याचा करार संपला’ असं सांगत तो मध्यरात्री घरात शिरून जोड काढून नेत नाही. हाच हिशेब मनात धरून अर्जदारानं सेट-टॉप बॉक्स परत केला आणि आपल्यासमोर, म्हणजे बटणासमोर, बोट पुढं करून उभा राहिला.

मागणी मोठी नव्हती. अर्जदाराच्या आईंना ‘तुझ्यात जीव रंगला’ पहिल्या भागापासून पुन्हा बघायची होती. झी मराठीवर २०१६ ते २०२१ चाललेली ही मालिका करवीर तालुक्यातल्या वसगड्यात चित्रित झाली. मालिकेच्या नायकाचा, म्हणजे राणादाचा, वाडा बघायला गाड्या करून माणसं येत, त्या दिवसांत आईसुद्धा मोटारसायकलवर मागं बसून जाऊन आल्या होत्या. म्हणजे गाव आपलं, वाडा आपला, भाषा तर आपलीच. मालिका मात्र सुटी विकत मिळत नाही. तिचे हजारावर भाग एका गठ्ठ्यात बांधून, किंमत लावून, ‘घ्या आई, ही तुमची’ असं म्हणणारं दुकान आपल्या अख्ख्या बाजारपेठेत अर्जदाराला सापडलं नाही. सिनेमे मिळतात, भाड्यानं आणि काही ठिकाणी ‘विकत’सुद्धा. मराठी मालिका हवी असेल तर अख्ख्या अॅपचं सभासद व्हायचं, आणि त्यासोबत इतर डझनभर भाषांतल्या सासवांचाही सांभाळ करायचा. अर्जदार केबलवाल्याशी ज्या गोष्टीवरून भांडायचा ती हीच होती. फरक इतकाच की आता भांडायला समोर कुणी नाही.

इथं अर्जदाराला एक कबुलीवजा तक्रार नोंदवायची आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, त्यानं आयुष्यात फार शिव्या घातल्या. २०१७ मध्ये काढलेला आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून घरोघरी लागू झालेला नवा दरआदेश आठवावा. केबलवाला छापील यादी घेऊन दारात उभा, आणि पेठेतली निम्मी घरं परीक्षेला बसल्यासारखी चॅनेलांवर खुणा करतायत. शंभर चॅनेलांची जोडणी फी कमाल १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे काहीही बघण्याआधीच १५३ रुपये ४० पैसे. पैशाचं चॅनेल त्यावर वेगळं. ‘जेवढं बघाल तेवढंच भरा’ असं सांगितलं गेलं, आणि त्याच सुमारास क्रिसिल या पतमापन संस्थेनं हिशेब मांडला की लोकप्रिय दहा चॅनेलं घेणाऱ्याचं बिल महिना २३०-२४० वरून ३०० च्या आसपास जाईल. गेलंही. पण त्याच आदेशात एक कलम होतं, ज्याची किंमत अर्जदाराला आता कळते: प्रत्येक चॅनेल सुटं विकणं आणि त्याची कमाल किंमत जाहीर करणं कंपनीला बंधनकारक. गठ्ठ्यात घालायच्या चॅनेलाला तेव्हा १९ रुपयांची मर्यादा होती, आणि झी मराठीनं किंमत बरोब्बर १९ ठेवली. महाग वाटली, तरी एकोणीस रुपये टाकून एकटं झी मराठी मागायचा हक्क शिवाजी पेठेतल्या माणसाला कायद्यानं होता. आपल्या राज्यात तो हक्क नाही. ओटीटीचे दर ठरवणं ट्रायच्या अखत्यारीतच येत नाही. २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आपल्या पडद्यावर काय दाखवावं, कुठल्या वयाचा शिक्का लावावा, तक्रार कुणाकडं करावी हे सांगतात. सुटं विका असं सांगत नाहीत.

आता मालकीबद्दल. चित्र हा माल या गावाला नवा नाही, हे आपल्याला कुणी सांगितलं नसेल तर अर्जदार सांगतो. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथलीच. १ जून १९२९ ला प्रभात इथंच उभी राहिली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली, याचं दुःख मंगळवार पेठेत अजून ताजं असतं. पुढं ऐंशीच्या दशकात व्हीसीआर भाड्यानं मिळू लागला. एका रात्रीत तीन पिक्चर, सगळी गल्ली सतरंजीवर, आणि सकाळी यंत्र परत. त्या दुकानदारानं भाडं घेतलं आणि भाडंच म्हणाला. ‘हा व्हीसीआर तुमचा झाला, अभिनंदन’ असं सांगून पहाटे तो उचलून नेला नाही.

आपल्या खानदानाचा इतिहास मात्र वेगळा आहे. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉननं ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेली ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी त्यांच्या किंडलमधून दूर बसून पुसून टाकली, कारण ती विकणाऱ्याकडं हक्कच नव्हते. पुस्तक कोणतं निवडलं, याला दाद द्यावी लागेल. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीनं प्लेस्टेशनवरच्या ग्राहकांना कळवलं की तुम्ही ‘विकत’ घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम वर्षअखेर तुमच्या संग्रहातून जाणार. ओरड झाल्यावर तो निर्णय मागं घेतला गेला. जानेवारी २०२४ मध्ये गूगल प्ले मूव्हीज बंद झालं आणि लोकांनी घेतलेले सिनेमे यूट्यूबच्या खोलीत हलवण्यात आले. सिनेमे वाचले, पण बिऱ्हाड हलवताना भाडेकरूला कोण विचारतो? शेवटी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळालाच दया आली. २०२४ मध्ये तिथं कायदा झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून तो लागू आहे: ग्राहकाला मिळतो तो काढून घेता येणारा परवाना असेल तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी करा’ म्हणायचं नाही. म्हणजे साहेब, निदान एका राज्यात तरी आपल्याला स्वतःखाली स्पष्ट अक्षरात खरं बोलावं लागतं.

भाड्याच्या मालाची तऱ्हा याहून न्यारी. अर्जदाराचा थोरला मुलगा हॉटस्टारवर ‘गेम ऑफ थ्रोन्स’ बघत होता. ३१ मार्च २०२३ नंतर एचबीओचा सगळा माल तिथून उठला आणि मे महिन्यात जिओसिनेमात उतरला. सिंहासनावर कोण बसतं ते बघायला दुसरी वर्गणी. मग १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि हॉटस्टार यांचंच लग्न लागलं. आयपीएल २०२३ आणि २०२४ मध्ये मोबाइलवर फुकट होतं, २०२५ मध्ये काही मिनिटं दाखवून पैसे मागू लागलं. प्राइम व्हिडिओवर १७ जून २०२५ पासून जाहिराती आल्या. त्या नको असतील तर वर आणखी महिना १२९ किंवा वर्षाला ६९९ रुपये. केबल सोडली तेव्हा जाहिरातींपासूनही सुटका होईल, असं अर्जदाराला वाटलं होतं. आता जाहिरात न बघण्याचंही दुकान निघालं आहे.

खेळाचा विषय निघालाच आहे, तर फुटबॉलबद्दल जरा जास्त लिहावं लागतंय, त्याबद्दल क्षमस्व. वर्ल्ड कप आला की कोल्हापूरच्या तालमी-तालमींवर ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. २०२२ च्या वर्ल्ड कपला जिओसिनेमानं फुकट सोय केली आणि पहिल्याच दिवशी चित्र अडकू लागल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. पुढं ते सुधारलं. पण एक गोष्ट सुधारलेली नाही, कारण ती आपल्या बांधणीतच आहे. इंटरनेटवरचं थेट चित्र काही सेकंदांचे तुकडे पाडून येतं, मोबाइल त्यातले दोन-चार आधी साठवून ठेवतो आणि मग दाखवतो. केबलवरचं चित्र त्यापुढं धावत असतं. परिणामी केबलवाल्या शेजाऱ्याच्या घरातून ‘गोऽऽल’ ऐकू येतो तेव्हा अर्जदाराच्या पडद्यावर मेस्सी अजून मैदानाच्या मध्यावर चेंडू मागत असतो. पेठेत राहणाऱ्या माणसाला ही शिक्षा किती कडक आहे, हे एकमेकांपासून लांब बंगल्यांत राहणाऱ्यांना कळायचं नाही.

आणि तरी मेस्सी मिळतो. पाटाकडील आणि दिलबहार या इथल्या तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर भिडतात ते आपल्या कुठल्या गठ्ठ्यात आहे? स्थानिक केबल चॅनेलांनी हे सामने, अनंत चतुर्दशीची मिरवणूक आणि अंबाबाईचा किरणोत्सव घरात आणला. पावसाळ्यात त्यांच्या खालच्या पट्टीवर राजाराम बंधाऱ्यावरची नदीची पातळी फूट-इंचात सरकत असायची. ४३ फूट ही धोक्याची, हे कोल्हापूरच्या पोरांनासुद्धा पाठ. या गोष्टी आता यूट्यूबवर आणि व्हॉट्सअॅपवर मिळतात, हे खरं. पण व्हॉट्सअॅपवर २०१९ च्या पुराचा व्हिडिओ ‘आजचा’ म्हणून दर जुलैत येतो, हेही तितकंच खरं.

केबलवाला देव होता, असं अर्जदाराचं म्हणणं नाही. जोडण्या शंभर आणि सरकारदप्तरी वीस, ही चाल देशभर इतकी रुळली होती की डिजिटल बॉक्स सक्तीचे करण्यामागं हेही एक कारण होतं. सिग्नल नेमका शेवटच्या भागाच्या दिवशी जायचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या दरांवरून डिस्नी स्टार, झी आणि सोनी यांनी करार न केलेल्या केबल कंपन्यांचं प्रक्षेपण तोडलं तेव्हा साडेचार कोटी घरांत ही चॅनेलं दिसेनाशी झाल्याचं केबल कंपन्यांच्या संघटनेनं सांगितलं. माणसं कंटाळली ती उगाच नाही. ट्रायच्या आकड्यांत डीटीएचचे सक्रिय ग्राहकच २०२१ च्या सुमाराच्या ७ कोटींवरून २०२५ मध्ये ६ कोटींच्या खाली आले आहेत. काही आपल्याकडं आले, काही फुकटच्या डीडी फ्री डिशकडं गेले. ते दुसरे जास्त शहाणे, असं अर्जदाराचं खासगी मत.

गंमत अशी की केबल तुटली तरी केबलवाला गेलेला नाही. आपण ज्या वायफायवरून घरात येता ते त्याचंच आहे. खांबावरून आलेली जुनी काळी तार त्यानं काढली आणि त्याच भोकातून फायबर आत घेतली. पाच तारखेला तोच येतो, ब्रॉडबँडचे पैसे नेतो, आणि नेट गेलं की फोनही त्यालाच लागतो. परवा तो आईंना म्हणाला, ‘मावशी, नेटसोबत ओटीटीचा पॅक आलाय, सतरा अॅपं एकत्र. सुटी घेऊ नकासा, महाग पडतील.’ गठ्ठ्याशी भांडून बाहेर पडलेला अर्जदार अशा रीतीनं त्याच माणसाच्या हातून नव्या गठ्ठ्यापाशी पोचला आहे.

तरी विनंती की, मराठी मालिका एकेक करून, किंमत लिहून विकायची सोय करावी; जे विकता ते किती दिवस राहील हे पैसे घेण्याआधी सांगावं; आणि भांडायला एक माणूस नेमावा. कोल्हापूरचा असेल तर उत्तम.

आपला,
एक माजी केबलग्राहक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर

ता. क. हा अर्ज लिहीत असतानाच बँकेचा संदेश आला की, एका अॅपची वार्षिक वर्गणी उद्या खात्यातून आपोआप वळती होणार आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळं १ ऑक्टोबर २०२१ पासून अशी सूचना किमान २४ तास आधी द्यावी लागते, म्हणून निदान कळलं तरी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ मध्ये फसव्या मांडणीचे जे तेरा प्रकार नोंदवले, त्यात वर्गणी थांबवणं अवघड करून ठेवण्याचाही समावेश आहे. आपण पहिल्याच पानावर, एवढे मोठे, रंगीत असता. आपले धाकटे बंधू ‘रद्द करा’ हे सध्या कुठल्या पानावर राहतात, तो पत्ता उद्या सकाळच्या आत कळवावा.