चारशे घोडे आणि शिळफाटा

डोंबिवलीत चारशे अश्वशक्तीची गाडी बाळगणाऱ्याला पहिला घोर पार्किंगचा असावा. पण तो रात्र-रात्र जागतो मागच्या डिफरन्शियलसाठी. साधा नकोच. एक चाक घसरलं की सगळा जोर त्याच चाकाच्या फिरकीत वाया! मग टॉर्सन? गिअरवर चालतो, क्लचप्लेट झिजायची भानगड नाही. पण एक चाक अधांतरी झालं की तोही साध्यासारखेच हात वर करतो, आणि पावसाळ्यात कल्याण-शीळ रस्त्यावर चाक अधांतरी व्हायला रेसट्रॅक लागत नाही. म्हणून क्लचप्लेटवाला, तोही घट्ट बसवलेला. सोसायटीच्या आवारात वळताना तो कडकड वाजतो आणि सेक्रेटरी बनियनवरच खाली येतात.

आता फायनल ड्राइव्ह: ३.७३ की ४.१०? ४.१०ने गाडी झेप घेते, वरचा वेग मात्र घटतो. घोडबंदरला गायमुखच्या चढावर कंटेनरमागे उभं असताना हा फरक प्रकर्षाने जाणवतो म्हणे.

ट्रॅकवर जायचं तर कोइम्बतूरचा कारी, नाहीतर ग्रेटर नोएडाचा बुद्ध. तिथवर गाडी ट्रेलरवर बसून जाते. तेवढ्या प्रवासाला कुठलाही डिफरन्शियल चालतो.