‘चेक२’ या फंक्शनच्या कर्त्यास खुले पत्र



पत्रास कारण की, तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेची वेबसाइट तुम्ही पीएचपीत लिहिलीत आणि सोडून गेलात. ती आता माझ्या गळ्यात पडली आहे. तुमचं नाव इथे घेत नाही. ‘चेक२’ म्हटलं की तुम्हाला कळेल. ‘चेक१’ मी सगळ्या फायलींत शोधलं, ते कुठेच नाही.

हे ‘चेक२’ काहीही तपासत नाही. ते ठेवीवरचं व्याज काढतं. मग तसं नाव द्यायला तुमचं काय जात होतं? कंसात मुद्दल, दर आणि दिवस घ्यायचे, तिघांचा गुणाकार करून 36,500 ने भागायचं आणि ‘रिटर्न’ लिहून उत्तर परत द्यायचं. चार ओळींचं काम. तुमचा कंस मात्र रिकामा! बाहेरचं व्हेरिएबल फंक्शनच्या आत आपोआप दिसत नाही, ही पीएचपीने करून ठेवलेली फार मोठी सोय आहे. तुम्ही पहिल्याच ओळीत ‘ग्लोबल’ लिहून ती मोडीत काढलीत. आता दर कुठल्या फायलीत बदलतो, हे शोधायला अख्खी साइट उपसावी लागते.

शेवटी ‘रिटर्न’ नाही, ‘एको’ आहे. म्हणजे व्याजाचा आकडा हातात येत नाही, तो थेट पानावर टेबलासकट छापला जातो. पुढे पासबुकाच्या छपाईला नुसता आकडा हवा झाला, तेव्हा तुम्ही काय केलंत? अख्खं फंक्शन उचलून दुसऱ्या फायलीत चिकटवलंत. वार्षिक उताऱ्यासाठी पुन्हा तेच. एकाच नावाची दोन फंक्शनं पीएचपी चालू देत नाही, ‘कॅनॉट रिडिक्लेअर’ म्हणून जागच्या जागी थांबते. भाषेने तुमचा हात धरला होता हो! तुम्ही तो झटकलात. प्रत्येक नकलेभोवती ‘फंक्शन एक्झिस्ट्स’ची अट घातलीत, म्हणजे जी फाईल आधी लोड होईल तिचं फंक्शन खरं आणि बाकीची गप्प. संचालक मंडळाने दर बदलले तेव्हा तुम्ही ते एकाच नकलेच्या फायलीत बदललेत. त्यामुळे एकाच ठेवीचं व्याज पडद्यावर एक आणि पासबुकात दुसरं. लोकांची बोलणी काउंटरवरच्या ताईंनी खाल्ली. त्या कॅल्क्युलेटरवर हिशेब करून खरा आकडा पेन्सिलीने वहीत लिहून ठेवायच्या. ती वही मी पाहिली आहे.

पण मला खरा संताप आला तो एका ‘इफ’ने. ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जादा व्याज द्यायचं, म्हणून योजनेच्या नावात ‘ज्येष्ठ’ हा शब्द आहे का, हे तुम्ही ‘स्ट्रपॉस’ने पाहिलंत. ‘स्ट्रपॉस’ शब्द सापडल्याची जागा सांगतं आणि मोजणी शून्यापासून करतं. ‘ज्येष्ठ नागरिक ठेव’ या नावात तो शब्द अगदी सुरुवातीला, म्हणून उत्तर आलं शून्य. ‘इफ’च्या लेखी शून्य म्हणजे नाही. ‘मासिक प्राप्ती ज्येष्ठ’ योजनेत शब्द शेवटी होता, तिथे हिशेब बरोबर निघाला, आणि म्हणूनच ही चूक तुमच्या लक्षात आली नाही. 2 लाखांच्या ठेवीवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला 1,000 रुपये. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची ती महिनाभराची औषधं असतात.

भाषाच विचित्र आहे, ही तुमची सबब मला ठाऊक आहे. त्यात तथ्यही आहे. ‘स्ट्रपॉस’ला आधी मजकूर द्यायचा आणि मग शोधायचा शब्द, ‘इन ॲरे’ला नेमकं उलटं. रासमस लेर्डॉर्फ यांनी 1995 मध्ये बाहेर आणलेली पीएचपीची साधनं मुळात त्यांच्या स्वतःच्या वेबपानांसाठी होती, पुढची वाढ गरजेप्रमाणे होत गेली, आणि त्याच्या खुणा फंक्शनांच्या नावांवर अजून आहेत. पण या शून्याबद्दलचा इशारा अधिकृत मॅन्युअलमध्ये वेगळ्या चौकटीत छापलेला आहे. तीन बरोबरच्या चिन्हांनी ‘फॉल्स’शी तुलना करा, असं तिथे सरळ सांगितलं आहे. पीएचपी 7 पासून, म्हणजे 2015 पासून, कंसात पूर्णांक की दशांश हे बजावता येतं, परत काय येणार तेही लिहिता येतं. 2020 च्या पीएचपी 8 मध्ये तर ‘स्ट्र कंटेन्स’ आलं, ते फक्त हो किंवा नाही सांगतं. ही साइट तुम्ही त्यानंतर लिहिली आहे. मॅन्युअलचं ते पान उघडायला तुम्हाला किती वेळ लागला असता?

तुमच्या तिन्ही नकला मी काढून टाकल्या आहेत. व्याज आता एकाच फंक्शनमध्ये निघतं आणि पडदा, पासबुक, उतारा तिघेही त्यालाच विचारतात. योजना ज्येष्ठांची आहे की नाही, हे नावावरून ओळखायचं बंद करून डेटाबेसमध्ये त्याचा वेगळा रकाना केला आहे. ताईंच्या वहीतल्या आकड्यांशी नवे आकडे ताडून पाहिले, पैशापैशाला जुळले. फरकाच्या रकमांची यादी संस्थेकडे दिली आहे.

तुम्ही सध्या जिथे काम करता तिथेही कुणाच्या तरी पैशांचा हिशेब तुमच्या हातात असेल. हे पत्र वाचून झालं की त्या कोडमध्ये ‘इफ’च्या कंसात उघडं पडलेलं ‘स्ट्रपॉस’ शोधा. सापडेल तिथे आजच दुरुस्त करा, आणि आजवर ज्यांना कमी पैसे गेले त्यांची नावं काढून तुमच्या साहेबांना द्या.

कळावे,
तुमच्या फायली सध्या सांभाळणारा